पत्नीच्या नावे मंजूर झालेले औषध शेजारच्या खुर्चीस देण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
विशेष औषध मंजुरी समिती,
सार्वजनिक रुग्णालय, दुसरा मजला.

विषय : डायलिसिस विभागातील खुर्ची क्र. ६ च्या नावे मंजूर झालेल्या सहा कुप्या खुर्ची क्र. ७ ला मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले नकारपत्र (गेला मंगळवार). २) आपले ‘नमुना अपुरा’ हे पत्र (शुक्रवार). ३) आपले मंजुरीपत्र (काल, सोमवार).

महोदय,

१. अर्जदार हा सेवानिवृत्त आवक-जावक कारकून असून छत्तीस वर्षे त्याने लोकांचे कागद योग्य त्या ढिगात ठेवलेले आहेत. ढिगाखालच्या कागदाला धाप लागते, हे मात्र त्यास याच महिन्यात समजले. सबब या अर्जात तक्रार नाही. तक्रार करायला त्याला तोंड उरलेले नाही.

२. अर्जदाराची पत्नी आठ वर्षे दर सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी खुर्ची क्र. ६ वर डायलिसिस घेत असे. खुर्ची क्र. ७ वर शिवणकाम करणाऱ्या एक बाई, वय एकेचाळीस. पत्नी त्यांना टेलरबाई म्हणे. पंखा कितीवर ठेवायचा यावरून दोघींचे आठ वर्षे भांडण होते आणि ते मिटावे अशी दोघींचीही इच्छा नव्हती. सुया टोचल्या जाताना टेलरबाई दर खेपेस म्हणत, “जन्मभर कापडाला टोचलं, आता कापड सूड घेतंय.” दर खेपेस पत्नी हसे. दोघींनाही पाणी मोजून प्यावे लागे. टेलरबाई थर्मासमधून बर्फाचे खडे आणीत आणि त्यातला एक “काकू, गिळू नका हं, चघळा” असे म्हणून पत्नीच्या तळहातावर ठेवीत.

३. गेल्या आठवड्यात सोमवारी पत्नीस खुर्चीवरच ताप भरला. तपासणीत विषाणूचा संसर्ग निघाला व तिला वेगळ्या वॉर्डात हलवले. वॉर्डातील डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी आपणाकडे औषध मागितले. ते पहिल्या काही दिवसांत दिले तरच उपयोगी पडते, असे त्यांनी अर्जदारास दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना त्यांनी नजर दुसरीकडे वळवली होती.

४. आपण मंगळवारी औषध नाकारले. कारण : ‘रुग्णाच्या मूत्रपिंडांस इजा होण्याचा संभव.’ समितीची काळजी अर्जदाराने पत्नीस फोनवर वाचून दाखवली. तिला धाप होती, तरी म्हणाली, “अहो, त्यांना कळवा, ती दोघं आठ वर्षांपूर्वीच रिटायर झाली. तुमच्याही आधी.” अर्जदाराने बुधवारी तसे लेखी कळवले. त्यावर आपण मूत्रपिंडांच्या सद्यःस्थितीची खात्री करण्याकरिता चोवीस तासांची लघवी मागवली.

५. पत्नीस सहा वर्षांपासून लघवी होत नव्हती. परंतु मागितलेला कागद जोडायचाच, ही अर्जदाराची जुनी सवय. चोवीस तास पूर्ण झाल्यावर वॉर्डातून रिकामी बाटली झाकण लावून, नाव व वेळ लिहून, गुरुवारी सादर झाली. शुक्रवारी ‘नमुना अपुरा, पुन्हा पाठवावा’ असा शेरा आला. शेरा बरोबर होता.

६. शनिवारी सकाळी सव्वासात वाजता पत्नी वारली.

७. काल आपले मंजुरीपत्र पोहोचले. ‘खास बाब म्हणून’ हे शब्द त्यात आहेत. अर्जदाराने ते चार वेळा वाचले. तिला कोणी खास म्हटलेले तिला आवडले असते. घरातून ते कधी म्हटले गेले नाही.

८. टेलरबाईंना रविवारी ताप आला. त्याच वॉर्डात, तोच संसर्ग. त्यांचेही औषध मूत्रपिंडांच्या काळजीपोटी नाकारले गेले असून त्यांच्याकडूनही चोवीस तासांची लघवी मागवली आहे. त्यांचा आज तिसरा दिवस. पत्नीच्या सहा कुप्या तळमजल्यावरील औषध भांडारात तिच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेल्या आहेत. त्या टेलरबाईंना द्याव्यात असे अर्जदाराने भांडारपालांस विनवले. ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी पाणी विचारले आणि नियम दाखवला. नाव बदलायचे तर मूळ रुग्णाची सही लागते.

९. तरी नम्र विनंती की, समितीने त्या चिठ्ठीवरील नाव आजच बदलून द्यावे. मूळ रुग्णाची सही आणणे अर्जदाराच्या हातात नाही. तिचा नवरा म्हणून तो स्वतःची सही देत आहे. ती चालत असल्यास हवी तितक्या ठिकाणी देईल.

१०. हे नियमात बसत नसल्यास दुसरा मार्ग असा. भांडाराच्या वहीत पत्नी अद्याप हयात आहे. वॉर्डातील नोंद तेथवर उतरलेली नाही. दुपारी चार वाजता परिचारिका कुप्या घेऊन वॉर्डात येते, चिठ्ठीवरचे नाव पुकारते आणि जो रुग्ण ओ देईल त्यास औषध लावते. आज त्या नावाला टेलरबाई ओ देतील. अर्जदाराने आयुष्यात एकही खोटी नोंद केलेली नाही. ही पहिली तो आपणास आगाऊ कळवून करीत आहे. आपण फक्त चारपर्यंत ती वही दुरुस्त करू नये. त्यानंतर अर्जदारावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. त्याला आता कुठे जायची घाई नाही.

११. टेलरबाईंना हे सकाळी फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, “काकूंच्या नावाला मी ओ द्यायची? काका, तुम्हाला ऐकवेल?” अर्जदाराने ‘ऐकवेल’ असे तोंडी कळवले. तेच येथे लेखी देत आहे.

आपल्या दालनाबाहेरील बाकावर बसून असलेला,
खुर्ची क्र. ६ चा नवरा
(सही)
मंगळवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे

सोबत :
१) मंजुरीपत्र, मूळ प्रत.
२) मृत्यूचा दाखला. (दुसरा मार्ग पत्करल्यास हा चारनंतर वाचावा.)