कापलेल्या कपड्यांचा ढीग

आये, तुझी गोधडी मी कापली. तुझ्या हातची ती एकच उरली होती. मला तिचं जॅकेट शिवायचं होतं. तुला खरं वाटणार नाही, पण आता लोक गोधडीची जॅकेटं घालतात, हौसेनं घालतात, आणि गोधडी जितकी विटलेली तितकी त्यांना जास्त आवडते. दिवसभर मी शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिते आणि रविवारी जुने कपडे शोधत हिंडते. कर्जतच्या बाजारात एक बाई जुन्या साड्यांचा ढीग घेऊन बसते. हायवेला लोधिवलीच्या अलीकडे एकाचं दुकान आहे, पाडलेल्या बंगल्यांमधलं सामान विकतो, त्याच्याकडे पडदे मिळतात, टेबलावरची भरतकाम केलेली कापडं मिळतात, एखाद्या वेळी रेशमी परकरसुद्धा. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई माझ्याबरोबर असतात. वयानं बरोबरीच्या, म्हणून आम्ही एकमेकींना अगंतुगं करतो. ती या सगळ्याला व्हिंटेज म्हणते. आम्ही ते दहिवलीला माझ्या घरी आणतो, उकळत्या पाण्यातून काढतो, उसवतो आणि त्याच्या पिशव्या, अभ्रे, पाकिटं शिवतो. थंडीत फार्महाऊसवाले प्रदर्शन भरवतात तिथे आमचं एक टेबल असतं. मुंबईची माणसं येतात, पिशवी हातात घेतात आणि विचारतात, कुठे शिकलात हो हे? मी सांगते, आईकडे, आई गोधड्या फार छान शिवायची. तेवढंच सांगते. तू घाटाखाली शिळफाट्याच्या शेडमध्ये चिंध्या निवडायचीस, हे इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या मैत्रिणीलाही नाही. आणि कापड बघताना हात मात्र तुझाच चालतो. आधी काख बघायची, मग कॉलरची घडी, मग कापड दोन बोटांत चोळून कानाशी न्यायचं. ती हसते, म्हणते कापड काय बोलतं का तुझ्याशी.

ती शेड मला अजून दिसते. वर पत्रा, खाली कोबा, गठ्ठे सोडले की उडणारी ती पांढरी धूळ. तुम्ही बाया रांगेनं बसलेल्या, प्रत्येकीपुढे पाटाला ठोकलेली एक पाती. सदरा घ्यायचा, पातीवर बटणं उडवायची, शिवण फाडायची, सुती एकीकडे, नायलॉन एकीकडे. सुती फडकी कारखान्यांत यंत्रं पुसायला जायची. आणि मागच्या भिंतीला एक निराळा ढीग असायचा. घाटात गाडी पडली की माणसाच्या अंगातले कपडे कुणी काढत बसत नाही, समोरून कात्रीनं कापतात. ते दवाखान्यांतले कपडे. कुठून यायचे, कोण विकायचं, कुणी विचारत नसे. सदरे पोटापासून गळ्यापर्यंत सरळ चिरलेले, पँटींचे पाय मांडीपर्यंत उघडलेले, डाग वाळून काळे झालेले. दुसरी कुठलीही बाई त्या ढिगाला हात लावायची नाही. तू लावायचीस. मला वाटायचं, आपण सगळ्यांत गरीब, म्हणून नको ते काम तुझ्या वाट्याला येतं.

मे महिन्याची सुट्टी आहे, मी अकरा वर्षांची आहे, तुझी भाकरी घेऊन शेडमध्ये आले आहे. तू पाणी प्यायला उठलीस आणि मी त्या ढिगातून एक लाल स्वेटर उपसला. पुढून उघडा होता. मला वाटलं बटणांचा असेल, तसलेच स्वेटर शाळेत मास्तरांच्या मुली घालायच्या. मी तो अंगात चढवला आणि बटणं शोधायला लागले. तेवढ्यात तू आलीस. सगळ्या बायांच्या देखत माझ्या थोबाडीत मारलीस, स्वेटर ओढून काढलास.

"ठेव. ठेव आधी खाली. कुनाचा हाय म्हाईत हाय का तुला?"

"कुणाचा?"

"म्हनूनच ठेव."

मी रडत एकटी घरी आले. रस्ताभर तुला शिव्या दिल्या आणि बापाला त्याहून जास्त दिल्या, कारण तो असता तर तू शेडमध्ये गेलीच नसतीस.

तो जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ट्रकवर क्लीनर होता. एका सकाळी चहा पिऊन निघाला तो निघालाच. मालक म्हणाला, परतीच्या खेपेला घाटाच्या तोंडाशी उतरला आणि पुन्हा चढलाच नाही. मग लोकांनी त्याला घाटावर एक बाई जोडून दिली. तिचा रंग, तिचं गाव, सगळं आम्हाला आळीतल्या पोरांकडून कळायचं. धाकटा भाऊ पाच वर्षांचा होता, त्याला वडिलांचा चेहराही नीट आठवत नव्हता, पण मोठा होता होता तो शिव्या द्यायला बरोबर शिकला. तू कधी त्याला अडवलं नाहीस. मला तर बाप जाण्याच्या आधीची एक गोष्ट स्वच्छ आठवते आणि म्हणून राग जास्त यायचा. त्याच्या चॉकलेटी चौकड्याच्या शर्टाचं कोपर फाटलं होतं. तू माझ्या अपुऱ्या झालेल्या पिवळ्या फ्रॉकचा खिसा काढून तिथं ठिगळ म्हणून लावलास, पण वरची बाजू शिवायची राहिली. त्यानं त्यात बिडी खोचली आणि आम्हाला दाखवत घरभर नाचला. "बगा रं, कोपरात खिसा! कुनाच्या बापाला हाय?" इतका हसणारा माणूस आपल्याला टाकून जातो, म्हणजे घरातच काहीतरी खोट असणार, असं मी ठरवून टाकलं. ती खोट मी तुझ्यात शोधली.

मग तुझा खोकला. डॉक्टर म्हणाले, ही धूळ वर्षानुवर्षांची आहे. मी नोकरीला लागले होते, धाकटा पुण्याला कंपनीत होता. दवाखान्यातल्या खाटेवर तुला धड बसवत नव्हतं आणि तू मला कुंकवाचा करंडा मागितलास. मी सगळ्या जागरणांनी पिचलेली. मी म्हणाले, "कुणासाठी लावतेस? तुझ्या तोंडाला कंटाळूनच गेला तो." वॉर्डात दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंस. "असंल," म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड केलंस. पुढचे सहा दिवस तू माझ्याशी बोललीस, पाणी दे, उशी सरकव, धाकटा कदी येनार, पण तो विषय नाही. तुला आम्ही सवाष्ण म्हणून पाठवलं. हिरवी साडी, बांगड्या, कपाळभर कुंकू. धाकट्यानं अग्नी दिला आणि परत येताना म्हणाला, तो कुठं असेल तिथं त्याला कळायला पाहिजे.

गोधडी माझ्याकडे राहिली. या वर्षी मैत्रिणीनं ती कपाटातून बाहेर काढली. "अगं, हिचं जॅकेट कर. पाठीवर मधला चौकोन अख्खा घे, बघ कसं दिसतं." मी टेबलावर गोधडी पसरली, कागदाचा नमुना टाचला आणि खांद्याच्या रेषेवर कात्री चालवली. वरचा साडीचा थर सुटला. आत चॉकलेटी चौकडी. ती म्हणाली, "अय्या, अख्खा शर्टच घातलाय की आत!" मी वरचे टाके उसवत गेले. बाह्या दोन्ही बाजूंना पसरून, पाठ टेकवून तो शर्ट निजवलेला होता. समोरून खालपासून कॉलरपर्यंत सरळ चिरलेला. ती चीर तू बारीक बारीक टाक्यांनी कडेला कड लावून शिवली होतीस, निराळ्या दोऱ्यानं. आणि डाव्या कोपरावर पिवळा खिसा. वरची बाजू अजून उघडीच. मी त्यात बोट घातलं. उजवी बाही तेवढ्यात माझ्या कात्रीनं खांद्यापासून तुटली होती.

"काय झालं गं?"

"काही नाही. कापड जीर्ण आहे. जॅकेट नाही होणार याचं."

ती गेल्यावर मी जमिनीवर बसले. रडू आलं नाही. ते कापड विरेल म्हणून भीती वाटत होती, तेवढीच.

पुढच्या रविवारी लोधिवलीला गेले. शेडमध्ये तुझ्या शेजारी बसायची ती मावशी तिथे लेकाकडे असते. डोळ्यांनी कमी दिसतं, पण आवाजावरून तिनं मला ओळखलं. मी शर्टाचं सांगितलं, तशी तिनं माझा हात धरला.

"तिनं शपत घातली व्हती मला. आता ती नाय, सांगते. तुझी आय त्या ढिगावर काय उगाच बसायची का? मुकादमाला सोताहून बोलली, ह्यो ढीग माझा. आमी म्हनायचो, बाई येडी हाय. रोज येकेक शर्ट उलटायची, कोपर बगायची आन् मंग टाकायची. तीन वरसं, पोरी."

"आणि मिळाला तेव्हा?"

"रडली नाय. खिशात बोट घालून बसली. मंग म्हनली, मी घरी जाते. आमी दोगी पोलीस ठान्यात पन गेलो. सायेब बोलला, असले शंभर शर्ट असतात, जा घरी."

"आम्हाला का नाही सांगितलं तिनं?"

"मी बी ह्येच इचारलं. म्हनली, पोरं त्याला शिव्या घालतात तवर त्यो कुटंतरी हाय गं. मेला म्हनलं तर मानूस दाखव म्हनतील. मी काय दाखवू, शर्ट?"

तेव्हा मला तो पावसाळा आठवला. तू कामाची वेळ संपायच्या आधी घरी आलीस, कधी नव्हे ते. आम्हाला शेजारी पाठवलंस. परत आलो तर तू मोरीत काहीतरी धूत होतीस आणि पाणी पुन्हा पुन्हा ओतत होतीस. भर पावसात तू गोधडी शिवायला काढलीस. कापड वाळत नव्हतं, चुलीवर धरून वाळवत होतीस. शेजारीण म्हणाली, उन्हाळा मेला काय? तू सुईत दोरा ओवत राहिलीस. मग त्या गोधडीत आम्हा दोघांना निजवायचीस. दुसरी कुठलीही आम्ही ओढली तर काढून घ्यायचीस आणि हीच घालायचीस. धाकट्याला मधोमध निजायचं असायचं, मी त्याला लाथ मारून बाजूला करायची आणि तू आम्हाला न ओरडता नुसती बघत बसायचीस.

बाही मी परत जोडली आहे. टाके तुझ्यासारखे बारीक नाहीत, ओळखू येतात. गोधडी पुन्हा शिवली नाही, तशीच उघडी घडी घालून ठेवली आहे. परवा बाजारात गेले, ढिगातला पहिला सदरा उचलला आणि लक्षात आलं की मी काख बघत नाही, पुढची पट्टी बघते आहे, बटणं आहेत की कापलंय. मैत्रीण विचारत राहिली, आवडला का? मी तो घेतला नाही. पुढचाही घेतला नाही.

तुला वाचता येत नव्हतं. तुझे सगळे कागद मीच वाचून दाखवायची, म्हणजे हाही मलाच वाचावा लागला असता, तुझ्या तोंडाकडे बघत. ते मला जमलं नसतं. म्हणून आता लिहिते आहे, जेव्हा वाचून दाखवायला कुणी नाही.

गेल्या आठवड्यात धाकट्याचा फोन आला. तो गाडीनं पुण्याला चालला होता. म्हणाला, "ताई, घाटाखाली एका धाब्यावर एक म्हातारा बसलेला बघितला. सेम त्याच्यासारखा, म्हणजे फोटोतल्यासारखा. गाडी हळू केली, पण थांबलो नाही. थांबलो असतो तर थोबाड फोडलं असतं त्याचं." मला तेव्हा कळलं की तो दर खेपेला तिथं गाडी हळू करत असणार. चाळिशी ओलांडली त्यानं, आये, आणि अजून धाब्याधाब्यावर म्हातारे बघत जातो. एका वाक्यात सांगता आलं असतं त्याला. मी म्हणाले, "बरं केलंस, थांबला नाहीस."

तू गप्प राहिलीस ती आमच्यासाठी. मीही त्याच्यासाठीच गप्प आहे, असं मी मैत्रिणीला सांगितलं असतं, मावशीला तर सांगितलंच. ते खरं नाही. त्याला शर्टाचं सांगायचं तर मग त्या खाटेपाशी मी तुला काय बोलले तेही सांगावं लागेल, आणि ते त्याला कळलेलं मला नको आहे.