निळ्या घंटुलीचा तपास

४ ऑक्टोबर
झालं! निळ्या घंटुलीच्या फुलाचा तपास माझ्या गळ्यात. जिल्ह्याच्या वनस्पतियादीची नवी आवृत्ती छापायची आहे, आणि साहेब विचारतात — "ही इथे उगवते याला पुरावा काय?" पुरावा एकच. आमच्या संग्रहालयातला वाळका नमुना. चिठ्ठीवर माझ्या सरांचं अक्षर, एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं : ‘ओढ्याकाठी, विपुल.’ ज्यांनी मला भिंगातून बघायला शिकवलं, त्यांचीच उलटतपासणी मी करायची!

७ ऑक्टोबर
अख्खा ओढा पालथा घातला. नवरा मदतीला. म्हणजे दर दहा पावलांना "हीच ना?" एकदा भलतंच गवत, एकदा कुणाच्या तरी परसातली गोकर्ण, एकदा प्लास्टिकची पिशवी. निळी होती, कबूल! घंटुली शून्य. माझा एक बूट चिखलाने गिळला.

८ ऑक्टोबर
पुन्हा शून्य. कंबर धरली.

११ ऑक्टोबर
सरांकडे गेले. दोन कप चहा पोटात गेल्यावर एकदाचं विचारलं. सर लालबुंद! "तुला दिसली नाही म्हणून ती नाहीच? आधी चष्मा बदल!" आणि तरातरा आत निघून गेले.

काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "अगं, ती माझ्या आईच्या कुंडीतली. ओढ्यापलीकडेच आमचं घर. लग्नाआधी यांना मला भेटायला यायचं तर दौऱ्याला कारण नको? तोडली कुंडीतली आणि लिहिला ओढा!" बोलता बोलता फाटकाला धरून हसत सुटल्या. मला धड हसूही येईना.

१४ ऑक्टोबर
तीन दिवस नुसता घोळ डोक्यात. नवरा म्हणतो, "एका फुलानं काय बिघडतंय? राहू दे की म्हाताऱ्याचं." बिघडतं! यादी म्हणजे काय कवितांची वही आहे? ‘पाहिलं तेच लिही’ हे सरांनीच घोकून घेतलं ना? लिहिलं शेवटी : ‘जिल्ह्यात आपोआप उगवत नाही. जुनी नोंद कुंडीतल्या झाडाची.’ छापण्याआधी सरांना कळायला हवं म्हणून प्रत घेऊन गेले. काकूंच्या हातात कोंबली आणि पळाले!

१५ ऑक्टोबर
सरांचा फोन नाही.

१७ ऑक्टोबर
सरांचा फोन! आधी नुसतंच खाकरणं. मग म्हणाले, "बरोबर लिहिलंस. आता त्या ओढ्याचे माझे बाकीचे सतरा नमुनेही बाहेर काढ. दोन वर्षं जात होतो मी तिथे."