खिंडीपलीकडची नोकरी आणि गारठलेला अंगठा

कात्रप, बदलापूर (पूर्व)
पौषातली सकाळ, सुट्टीचा वार

तीर्थरूप बुधाजीमामा यांना,

आपल्या भाचेसुनेचा, म्हणजे विनिताचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (हातांत हातमोजे आहेत. अक्षर असं का आलंय ते यावरून ध्यानात येईल.) आपली तब्येत कशी आहे? गुडघ्याला ते नवं तेल लागू पडलं का? मामींचा खोकला थांबला असेल अशी आशा करते. इकडे भावेश बरे आहेत, उल्हासनगरच्या दुकानात वेळेवर जातात आणि वेळेवर येतात, त्यामुळे त्यांच्या नोकरीबद्दल घराण्यात कुणाला काही म्हणायचं नाही. माझ्या नोकरीबद्दल आपल्याला जे म्हणायचं होतं ते मोबाईलवर मिळालं. 'सुनेने संक्रांतीच्या आत नोकरी सोडावी, नाहीतर मी स्वतः येऊन निकाल देईन,' हा निरोप आपण घराण्याच्या ग्रुपवर एका उगवत्या सूर्याच्या आणि कफाच्या काढ्याच्या मधोमध टाकला होता. मोबाईलवर उत्तर दिलं असतं तर आपण ते न वाचता चौघांना पुढे पाठवलं असतं, म्हणून हे पत्र. आधीच सांगून टाकते की नोकरी मी सोडणार नाही. का सोडणार नाही ते सविस्तर सांगते. चहा घेऊन बसावं.

आमची पंख्यांची कंपनी अंबरनाथला होती तोवर कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. मग कंपनीने आमचा टेस्टिंगचा विभाग उचलून बारवी धरणाच्या रस्त्याने खिंडीपलीकडे नेला. आमचे हेमचंद्र साहेब फार गोड बोलतात. त्यांनी सगळ्या बायकांना एकत्र बसवून, पेढा देऊन सांगितलं की ज्यांना जमणार नाही त्यांनी मनाला लावून न घेता राजीनामा द्यावा. कंपनीची बस लवकरच सुरू होईल असंही सांगितलं. (पेढा खरा होता.) दिवाळीपर्यंत बाकीच्या सगळ्या गळाल्या, उरलो मी आणि पॅकिंगमधली तुळशी. आता नियम असा आहे की जी बाई हा हिवाळा काढील तिला कंपनी कायम करणार, पण तिसरा लेटमार्क लागला की कंत्राट संपलं. मी इतकी वर्षं कंत्राटावर काढली आहेत मामा. लग्नातल्या साड्या विटल्या, पण मी काही कायम झाले नाही. आता कुठे ताट समोर आलंय आणि माझ्या नावावर दोन लेटमार्क आधीच लागलेले आहेत. एक म्हशींमुळे लागला. दुसऱ्याचं सांगतेच.

खिंड आपण उन्हाळ्यात पाहिली आहे, जीपमधून, वेफर्स खात. पौषात ती निराळी असते. दोन्ही अंगांना डोंगर, मधे रस्ता, आणि ऊन आत यायला तयार नसतं. खालून धरणाच्या पाण्याचं धुकं वर येतं ते खिंडीत शिरून तिथेच मुक्काम करतं. पुढचं काही दिसत नाही. पुढे चाललेल्या दूधवाल्याच्या किटल्यांचा खडखडाट ऐकायचा आणि त्या आवाजामागे स्कूटर हाकायची, अशी माझी पद्धत आहे. (एकदा तो खडखडाट ऐकत थेट त्याच्या गोठ्यापर्यंत गेले होते. लोक भले आहेत, चहा दिला.) माझा पोशाख म्हणजे दोन स्वेटर, भावेशचे मोजे, माकडटोपी, तिच्यावर मफलर, त्यावर हेल्मेट आणि सगळ्यावर भावेशने उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून आणलेलं 'एकदम इंपोर्टेड' जाकीट. त्याची चेन खिंडीच्या तोंडाशी पोचलं की आपोआप उघडते, आणि पलीकडे ऊन लागलं की छान लागते. एवढं घातल्यावर मान वळत नाही, कानाला ऐकू येत नाही आणि हेल्मेटच्या काचेवर माझाच श्वास बसतो. अशा अवस्थेत कंपनीत पोचायचं आणि दिवसभर पुरत्या वेगाने फिरणाऱ्या पंख्यांखाली बसून ते नीट फिरतात की नाही हे बघायचं. असं काम आहे आमचं.

पण थंडीचं मला काही वाटत नाही, खरा वैरी ते हजेरीचं मशीन आहे. दारातच भिंतीवर बसवलंय. अंगठा लावला की हजेरी लागते, पण गारठलेला अंगठा त्याला ओळखू येत नाही. 'प्लीज ट्राय अगेन' असं एक बाई आतून अतिशय प्रेमाने म्हणत राहते. मी अंगठा फुंकते, चोळते, स्कूटरच्या इंजिनाला लावून बघते (लावू नये), तोवर घड्याळ पुढे सरकतं. दुसरा लेटमार्क असा दारात उभं राहून लागला. मी आले आहे हे वॉचमनला दिसत होतं, साहेबांनाही दिसत होतं. साहेब म्हणाले, मी काय करणार, मशीन म्हणतंय तुम्ही आला नाहीत.

आता मागच्या सोमवारचं. आपल्याला हे माहीत नसावं की त्या दिवशी जे झालं त्याला आपणच कारण आहात. आपण आईंना, म्हणजे आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीला, गावी फोन करून सांगितलंत की सुनेला रस्त्यातच अडव आणि घरी परत पाठव. आईंनी ते ऐकलं. (हेही आश्चर्यच, पण त्याबद्दल पुढे.) त्या पहाटे शाल पांघरून, डोकं-तोंड गुंडाळून माझ्या वाटेवरच्या, गावाच्या फाट्यावर येऊन उभ्या राहिल्या. त्याच फाट्यावर, तशीच शाल पांघरून, रोज तुळशी माझ्या मागे बसायला उभी असते. त्या दिवशी मात्र ती पुतणीच्या हळदीला गेली होती आणि तसा निरोपही तिने ठेवला होता, पण हातमोजे घालून मोबाईल उघडत नाही. मला धुक्यात एक शाल दिसली. शालीने हात वर केला. मी गाडी थांबवून म्हटलं, बस लवकर. शाल बसली. (आईंना नंतर विचारलं की अडवायला आला होतात तर बसलात का. त्या म्हणाल्या, तू बस म्हनलीस.)

तुळशी अबोल आहे आणि मी रस्ताभर बोलते, अशी आमची वाटणी आहे. त्या दिवशी नेमका आपला निरोप डोक्यात होता, त्यामुळे मी फाट्यापासून जी सुरू झाले ती थांबलेच नाही. आपल्याबद्दल काय बोलले ते इथे लिहीत नाही, मामींना वाचून दाखवाल. आईंबद्दल म्हटलं, की इतकी वर्षं झाली, माझ्या भाकरीला कड नीट येत नाही हे त्यांनी अख्ख्या गावाला सांगितलं, पण बाई तू तिकडे जाऊन दिवसभर करतेस काय, एवढं एकदाही विचारलं नाही. पंखे बनवते, विकते की नुसते पुसते, त्यांना ठाऊक नाही. आणि शेवटी म्हटलं, 'तुळशे, म्हातारी उद्या रस्त्यात आडवी पडली ना, तरी मी खाली उतरून पाया पडेन आणि वळसा घालून पुढे जाईन. नोकरी सोडणार नाही.'

तेव्हा आम्ही खिंडीच्या बरोबर मधे होतो. आणि मागून आवाज आला.

'आरवी कशाला परू? मी तं मांगं बसलंय.'

मामा, मी ब्रेक कसा लावला ते आठवत नाही. गाडी कठड्याला लावली, मान वळत नसल्यामुळे अख्खी वळले आणि पाहिलं. शालीतून आईंचे डोळे दिसत होते. मला रडू येत होतं, आणि रडले तर काच आणखी धूसर होईल अशीही भीती वाटत होती. त्यांना परत फाट्यावर सोडलं तर तिसरा लेटमार्क, म्हणजे नोकरी गेली. पुढे नेलं तर सासूला पळवून नेल्यासारखं झालं असतं, आणि जे बोलून बसले होते ते तर परत घेताच येत नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं. आईंनी धुक्यात पुढे बघितलं, मागे बघितलं, शाल घट्ट केली आणि विचारलं, 'मंग, करतंस काय तू ततं?'

मी सांगितलं. गाडी चालू केली आणि सांगतच राहिले, की पंखा किती तास चालवतात, आवाज कसा ऐकायचा, कुठला पास करायचा आणि कुठला मागे टाकायचा. खिंड कधी संपली ते कळलं नाही. आई एकदाच मधे बोलल्या, तेही दूधवाल्याला ओलांडून जा असं सांगायला.

दारात पोचलो तेव्हा वेळ जेमतेम शिल्लक होती. अंगठा लावला. बाई म्हणाली, प्लीज ट्राय अगेन. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वॉचमन घड्याळाकडे बघायचं टाळत होता. हेमचंद्र साहेब बाजूलाच उभे होते आणि चेहऱ्यावर आधीच हळहळ आणून ठेवली होती. आईंना काय चाललंय ते मी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी पुढे येऊन माझा हातमोजा ओढून काढला, माझा हात धरला आणि शालीच्या आत स्वतःच्या काखेत दाबून धरला. साहेबांसमोर, वॉचमनसमोर. लग्नात हळदीला धरला होता, त्यानंतर माझा हात त्यांनी धरल्याचं मला आठवत नाही. काख चुलीजवळच्या पाटासारखी उबदार होती. मग त्यांनीच तो हात बाहेर काढून मशीनवर ठेवला. मशीन म्हणालं, थँक यू. आई त्याला म्हणाल्या, बरं. आणि साहेबांकडे वळून म्हणाल्या, की मशीनला रातची गोधडी घालत जा, बायांचे हात कशाला छळता. (तेव्हापासून वॉचमन रात्री मशीनला स्वतःचा मफलर गुंडाळतो.)

तेव्हा मामा, आपण संक्रांतीला जरूर यावं, तिळगूळ घ्यावा आणि आपल्याला योग्य वाटेल तो निकाल द्यावा. आपला मान मोठा आहे. मी मान खाली घालून सगळं ऐकेन आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाईन. खिंड मला चुकत नाही, मी खिंडीला चुकणार नाही.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक (पद्धत आहे म्हणून लिहिलं) भाचेसून,
विनिता

ता. क. : आई थंडी संपेपर्यंत आमच्याकडे कात्रपला राहायला आल्या आहेत. गावात डास झालेत असं म्हणतात. रोज माझ्यासोबत दारापर्यंत येतात, हात काखेत घेतात, हजेरी लागली की पलीकडे बाजार करतात आणि जीपने घरी जातात. (तुळशी सध्या दूधवाल्याच्या गाडीवर येते.) आईंच्या बाजाराच्या पिशवीने स्कूटरला वालाच्या शेंगांचा वास लागला आहे.

ता. क. २ : आता खरं काय ते लिहिते. आईंचं मन आज माझ्याकडे आहे, उद्याचं सांगता येत नाही. आपणच नेहमी आईंबद्दल सांगता की ही पोर लहानपणापासून आपण म्हणू त्याच्या उलट करते. विहिरीवर जाऊ नको म्हटलं तेव्हा पोहायला शिकली. तरी कृपा करून हे पत्र वाचून विरघळू नये. निकाल बदलू नये. संक्रांतीला येऊन मला नोकरी सोडायलाच सांगावं, चारचौघांत सांगावं, आणि जमेल तेवढं कडक सांगावं. आवाज चढवलात तर फार उपकार होतील. आईंना यातलं काही कळू देऊ नये.

ता. क. ३ : पाकीट चिकटवत होते तेवढ्यात आई येऊन शेजारी बसल्या आणि कुणाला पत्र म्हणून विचारलं. मामांना, खुशालीचं, असं मी म्हटलं. त्यांनी एवढं लिहायला सांगितलंय, जसंच्या तसं लिहिते : 'त्याला सांग, निकाल द्याला ये, पन दुपारचा ये. सकालची आमाला वेल नाय.'