भुसा दिसतोय, पण आत घेत नाही

९ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

भाचीला सातवा महिना लागल्याची बातमी वाचली आणि पत्र हातात धरून घरभर फिरले. सांगायला घरात कोणी नाही, म्हणून दूधवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, मग उद्यापासून अर्धा लिटर जास्त टाकू का? बाळ तिकडे होणार आहे, हे त्याला समजावेपर्यंत दूध उतू गेलं.

फोन केला असता, पण तुम्हाला माझं निम्मंच ऐकू येतं आणि त्या निम्म्यावर तुम्ही भांडता. टेलिफोन एक्स्चेंजात जन्म काढलेल्या बाईला फोन ऐकू येऊ नये, काय म्हणावं याला! पत्रच बरं. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही.

आता कामाचं. यांनी भाचीच्या लग्नातच सांगून ठेवलं होतं, की हिच्या बाळाचा पाळणा मी करणार. लाकूड आणून ठेवलं होतं, ते यांच्या माघारी अजून वरच्या कामाच्या खोलीत भिंतीला टेकून उभं आहे. यांचा भागीदार रंधाभाऊ म्हणतो, वहिनी, मापं द्या, बाळाच्या आधी पाळणा तयार. पण मापं कागदावर नाहीत. तुमच्या दादांची सवय तुम्हाला माहीत आहे, पेन्सिल कानावर ठेवायची आणि खोलीभर शोधायची. शेवटी वरच्या जुन्या संगणकाला माइक लावून घेतला आणि काम करता करता मापं तोंडाने बोलून ठेवायला लागले. ‘मापं’ नावाचं फोल्डर आहे आणि त्यात ‘पाळणा’ नावाची फाइल मी डोळ्यांनी पाहिली आहे.

ती खाली माझ्या लॅपटॉपवर आणायची, एवढंच काम. लेकीने भेट दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये तिने आपल्या मॅकवरून फोटो भरून पाठवले होते. तो वर लावला, तर संगणक म्हणतो, वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल. म्हणजे काय ते मी वाचलेलं आहे, सगळं पुसून टाकणं. मी इतकी घाबरले, की पेनड्राइव्ह हिसकून ओढला आणि खाचेची जीभच बाहेर आली. तेवढी एक खाच जिवंत होती. बाकीच्या भुशाने बुजल्या आहेत. दुरुस्तीवाला आला, म्हणाला संगणक दुकानात नेतो. त्याच्या दुकानात मी यंत्रांचा ढीग पाहिला आहे. नको म्हटलं. तो जाताना सांगून गेला, की आतली डिस्क कण्हते आहे, फार दिवस धरू नका.

तुमच्या घरी दोन्ही जातींचे संगणक नांदतात म्हणता. मला मार्ग सांगा. भाचीला सांगा, जिने जपून उतर.

लोभ आहेच, तो कण्हत नाही.
तुमची वहिनी

१६ जून

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जावयांना वाचून दाखवलं. पेनड्राइव्हच्या भागाला ते हसले, म्हणून त्यांना आज चहा उशिरा दिला.

तुम्ही घाबरलात ते उगाच. संगणक पेनड्राइव्हच पुसायचा म्हणत होता, स्वतःला नाही. तो मॅकच्या पद्धतीने तयार केलेला, आणि दादाचा संगणक विंडोजचा, त्याला ती मांडणी वाचताच येत नाही. पण खाच मोडलीत, आता त्यावर बोलून उपयोग नाही. दुसरी वाट आहे. वरचा संगणक आणि खालचा लॅपटॉप, दोघंही तुमच्या घरातल्या वायफायवर आहेत. म्हणजे एकाच एक्स्चेंजवर आहेत. फक्त एकमेकांना ओळखत नाहीत.

वर जाऊन कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या खुणेवर टिचकी मारा. तिथे घर, ऑफिस की सार्वजनिक जागा, यातलं काय निवडलंय ते पाहा. माझी खात्री आहे, दादाने सार्वजनिक ठेवलं असणार. सार्वजनिक जागेत तो संगणक भिडस्त मुलीसारखा तोंड लपवून बसतो. घर निवडा. मग ‘मापं’वर उजवी टिचकी मारून ते फोल्डर सामायिक करा. मग खाली या आणि लॅपटॉपमध्ये नेटवर्कच्या जागी पाहा.

एक विचारते, रागावू नका. वरच बसून फाइल ऐकली आणि मापं उतरवून घेतली तर? पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्या भाचीला आंबट काही नको, तिखटही नको, तिला फक्त पाव हवा. कोरडा. आमच्या घराण्यात असं कोणी नव्हतं.

लोभ चालू ठेवावा, बंद करून परत चालू करायची वेळ येऊ नये.
तुमची वन्सं

२४ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

दिसला! लॅपटॉपच्या कडेला यांच्या संगणकाचं नाव उमटलं. यांनी त्याचं नाव ‘भुसा’ ठेवलं होतं, हे मला आजवर माहीत नव्हतं. मी एकटीच मोठ्याने हसले. आणि तुमचं खरं होतं, त्यात सार्वजनिक जागाच निवडलेली होती. म्हणजे इतकी वर्षं त्या संगणकाला आपलं घर स्टेशन वाटत होतं. तसं ते होतंच म्हणा, गिऱ्हाइकं विचारून कुठे वर जायची!

पण भुसा दिसतोय, आत घेत नाही. दारावर उभं करून नाव आणि पासवर्ड विचारतो. नाव यांचं घातलं. पासवर्ड काय घालू? आमच्या लग्नाची तारीख घातली. चूक. लेकीची जन्मतारीख घातली. चूक. माझं माहेरचं नाव घालून पाहिलं, तेही चूक. मनाला लागलं, खोटं कशाला सांगू.

वाचनालयातून संगणकाचं एक पुस्तक आणलं आहे. मला कादंबऱ्या वाचायची सवय, त्यामुळे मी पुढे काय होतं ते बघायला शेवटचं पान आधी उघडलं. तिथे नुसती सूची होती.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. वर मी जाते, संगणक चालू करते, काय टिचक्या मारायच्या त्या मारते आणि खाली येते. तिथे बसून त्यांचा आवाज ऐकायला माझी तयारी नाही. समोर ते लाकूड, ते स्टूल, आणि त्यात आवाज. रंधाभाऊला म्हटलं, तू ऐक. तो बसला, फाइल सुरू केली, यांचा नुसता खोकला ऐकू आला तेवढ्यात हा खाली. घशात भुसा गेला म्हणाला. हे गेल्यापासून खोली रोज झाडलेली आहे, भुसा कुठून येणार? मी पाणी दिलं. स्वयंपाकघरात ऐकेन मी. हाताला काम असलं, की मला सगळं ऐकता येतं.

तुम्ही त्यांना माझ्या आधीपासून ओळखता. पासवर्ड काय असेल?

भाचीला पाव भाजून द्या, कोरडा देऊ नका.
तुमची वहिनी

१ जुलै

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादा आणि गुपित? शाळेत असताना माझ्या वाढदिवसाची भेट त्याने आदल्या दिवशी स्वतःच सांगून टाकली होती. तरी डोकं खाजवून सुचलं ते लिहिते. आमच्या कुत्र्याचं नाव, वाघ्या. त्याची पहिली सायकल, जिला तो राणी म्हणायचा. गणिताच्या मास्तरांना आम्ही बंब म्हणायचो, तेही घालून पाहा. लहानपणी मी त्याला झुरळ म्हणत असे. ते शेवटी घाला, तेच निघालं तर मला कळवू नका.

आता जरा गंभीर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाला घाई दिसते, सांगितलेल्या तारखेची वाट बघत बसू नका. तुमच्या भाचीने बाळाच्या खोलीत एक कोपरा मोकळा ठेवला आहे. जावई तयार पाळणा आणूया म्हणाले, तर म्हणाली, मामाचा येणार आहे. लवकर करू या आपण.

लोभ असू द्या, आणि झुरळाबद्दल मनात काही आणू नका.
तुमची वन्सं

८ जुलै

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

वाघ्या नाही, राणी नाही, बंब नाही. झुरळही नाही, तुम्ही सुटलात.

आज मला राग आला आहे, आणि गेलेल्या माणसावर रागावणं फार गैरसोयीचं असतं. एवढा संसार झाला. यांनी चपला कुठे ठेवल्या ते मी सांगायचे, चष्मा मी शोधायचे. आणि या एका गोष्टीला यांनी कुलूप घातलं आणि मला सांगितलं नाही? काय होतं त्यात लपवण्यासारखं? मापं? दुपारी भांडी घासताना हेच डोक्यात फिरत होतं. एक कप फुटला. त्यांचा नव्हे, माझाच.

आणि गंमत बघा, वर तो काहीच विचारत नाही. बटण दाबलं की कण्हत कण्हत थेट उघडतो, यांनीच केलेल्या एका कपाटाचा फोटो समोर येतो आणि झालं. खालून गेलं, की मात्र पासवर्ड हवा. घरच्या माणसाला हा न्याय!

कण्हणं वाढलं आहे. काल मध्येच बंद पडला, थोड्या वेळाने आपला आपण चालू झाला. रंधाभाऊ रोज येऊन लाकडावरून हात फिरवतो आणि जातो. बाळाला म्हणावं, अंमळ धीर धर.

राग उतरला की नीट लिहीन. लोभ मात्र आहे तसाच आहे.
तुमची वहिनी

१४ जुलै

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचता वाचता मी उभी राहिले. वर तो काहीच विचारत नाही! अहो, हे आधी का नाही सांगितलंत? मीही मेलीने विचारलं नाही, एवढी वर्षं एक्स्चेंजात काढून.

वहिनी, पासवर्ड नाहीच आहे. दादाने कधी लावलाच नाही. आपण दोघी नसलेल्या कुलपाच्या किल्ल्या घडवत बसलो होतो. जावयांकडून खात्री करून घेतली. त्या जातीच्या संगणकाचा नियमच आहे, ज्या नावाला पासवर्ड नाही, त्या नावाने समोर बसून काय करायचं ते करा, पण तारेवरून कोणाला आत घ्यायचं नाही. त्यामुळे रिकामी जागा ठेवली असतीत, तरी त्याने घेतलं नसतं. तेव्हा राग पुसून टाका. तुमच्यापासून काही लपवलं नव्हतं. कडी लावायची माहितीच नव्हती त्याला.

जावई म्हणाले, सोपं आहे, मामांच्या नावाला पासवर्ड लावून टाका. मला ते तुम्हाला लिहवेना. दादाच्या नावाला कुलूप, तेही आता, आणि तुमच्या हाताने? मी भांडले, तेव्हा त्यांनी दुसरी वाट सांगितली. त्याचं नाव आहे तसंच उघडं राहू द्या. त्याच संगणकात तुमच्या नावाचं नवीन खातं करा, त्याला तुमचा पासवर्ड द्या आणि ‘मापं’ फोल्डर त्या खात्याला वाचायची परवानगी द्या. मग खालून तुमच्या नावाने जा. सगळ्या टिचक्या वेगळ्या कागदावर क्रमाने लिहून सोबत घातल्या आहेत.

कळवा. माझं लक्ष आता टपालाकडे आहे, पावाकडे नाही.
तुमची वन्सं

२३ जुलै

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

झालं.

यांच्या नावाशेजारी माझं नाव घातलं. लग्नपत्रिकेनंतर दोन्ही नावं अशी शेजारी लागलेली मी पहिल्यांदा पाहिली. खाली आले, माझ्या नावाने दार ठोठावलं आणि भुशाने मुकाट्याने आत घेतलं. आधी सगळं फोल्डर लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं, मग शेंगा सोलायला घेतल्या आणि ‘पाळणा’ लावली.

आधी तोच खोकला, रंधाभाऊ जिथून पळाला तो. मग आवाज. मापं सांगत होते. लांबी छत्तीस म्हणाले, मग थांबा थांबा, अडतीस घ्या, भाचीचा नवरा ताडमाड आहे, बाळ काय लहान होणार आहे? कोणाला अहोजाहो करत होते कोण जाणे, माइकला असेल. मग कडेच्या पट्ट्यांवर आले. मधली फट किती ठेवायची, यावर अडले. मला हाक मारली. जरा वर ये, तुझा हात हवा म्हणाले. खालून माझा आवाज आला, बारीक पण ठसक्यात, की हाताला साबण आहे, हवा तर तुम्हीच या. बरं, मीच येतो म्हणाले, आणि जिन्यावर पावलं वाजली.

माइक तसाच चालू. मग कितीतरी वेळ नुसती वरची रिकामी खोली. पंखा फिरतोय, बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवतंय. ज्या रिकाम्या खोलीला मी इतकी भ्यायले, तीच ऐकत बसले होते, वन्सं, आणि मला काही झालं नाही. कारण ते तेव्हा खाली होते. इथेच, या मोरीपाशी, माझा ओला हात धरून पट्टी लावत होते. मला तो दिवस आठवतही नाही. रोजच काहीतरी मोजायचे, त्यातलाच एक.

मग पावलं परत वर आली. धापा टाकत म्हणाले, फट तीन बोटांची. हिच्या. माझी जाड आहेत, बाळाचं डोकं अडकेल. आणि इंच किती, ते सांगायला विसरले!

रंधाभाऊला बोलावलं, ऐकवलं. या वेळी तो पळाला नाही, डोळे पुसत हसला. मग म्हणाला, वहिनी, फळी खाली घेऊन येतो, बोटं ठेवा, मी खूण करतो. मी नको म्हटलं. जिना चढले, यांच्या स्टुलावर बसले आणि फळीवर हात ठेवला. वर ये म्हणाले होते, जरा उशीर झाला एवढंच.

पाळणा पुढच्या आठवड्यात निघेल. भाचीला सांगा, कोपरा अडतीस इंचांचा हवा.

लोभ राहू द्या, आणि पाकिटावर अजून एकट्या यांचंच नाव घालता, यापुढे माझंही शेजारी लिहा.
तुमची वहिनी