सायन्सचा कौल

सांगली, १२ जून १९४४

प्रिय अक्का,

कार्ड न टाकता पाकीट पाठवलंय ते मुद्दाम. कार्ड असतं तर पोस्टमनपासून तुझ्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी वाचून घेतलं असतं. हे एकटीनं वाच.

मी फर्स्ट इयर सायन्सला नापास झालो. फिजिक्सला शंभरात बावीस, केमिस्ट्रीला सत्तावीस. इंग्रजीला एकसष्ट आहेत, पण त्याचं कौतुक कुणाला! पास व्हायला प्रत्येक विषयात पस्तीस लागतात, इकडचे उरलेले तिकडे घालता येत नाहीत, हे कॉलेजच्या कारकुनानं मला चष्म्यावरून बघत दोनदा समजावलं. आता एकतर याच वर्गात पुन्हा बसायचं, नाहीतर वीस तारखेच्या आत आर्ट्सला नव्यानं नाव घालायचं. त्या फॉर्मवर पालकाची सही हवी.

फॉर्म घेऊन घरी आष्ट्याला गेलो, तर आबांनी तो उघडलासुद्धा नाही. पलटण सोडून पंधरा वर्षं झाली, तरी वरचा हुकूम आला की विचारायचं नाही ही सवय काही सुटत नाही. त्यात हुकूम यमाईचा. मॅट्रिक झाल्यावर त्यांनीच तुला लिहिलं होतं, औंधात आहेस तर देवीला फूल लावून कौल घे. उजवं पडलं तर पोरगा सायन्सला, डावं पडलं तर आर्ट्सला. उजवं पडल्याचं तुझं कार्ड त्यांनी अजून देव्हाऱ्यात ठेवलंय. मला म्हणाले, "देवीनं दिलंय ते बदलणारा तू कोण रं? तेरा मार्क कमी पडल्यात, ती दील पुढच्या साली." केमिस्ट्रीचे आठ मी सांगितलेच नाहीत.

अक्का, मला खरंच तो वर्ग सोसत नाही. चिरायचा बेडूक पुढ्यात आला की मी सुरी खाली ठेवतो आणि शेजारचे हसतात. मग मी बाहेर पडतो नि आर्ट्सच्या वर्गाच्या खिडकीखाली उभा राहून इतिहास ऐकतो. हजेरी भरेना, तेव्हा टर्म मंजूर करून घ्यायलाही गयावया करावी लागली. सगळीकडून कोंडल्यासारखं झालंय.

शेवटी नवा कौल मागावा म्हणून गेल्या आठवड्यात औंधला येऊन गेलो. तुझ्या घरी न येता थेट डोंगर चढलो, राग धरू नकोस. नाथाजी गुरवानं आष्ट्याचं नाव ऐकताच ओळखलं. म्हणाला, "तुमच्या भैनीनं तीनदा फूल लावाय लावलं. तिन्ही बारीला डावंच पडलं. लय रडत उतरली बघा."

मी कौल न मागताच खाली आलो. तू उजवं का लिहिलंस ते मला कळतं. त्याच वर्षी तुझा बाळ तापानं गेला. साताऱ्याचा डॉक्टर तिसऱ्या दिवशी आला. घरात आपला एक डॉक्टर असावा असं तुला वाटलं. मला तुझा राग आला होता, खूप आला, पण डोंगर उतरेपर्यंत टिकला नाही. आबांना मी सांगणार नाही. देवीच्या नावानं खोटं लिहिलंस हे त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर ते तुझं माहेर तोडतील. तू स्वतः कळवलंस तर कदाचित नाही, कदाचित तरीही. म्हणून कळव म्हणायला जीभ रेटत नाही, आणि कळवू नको असंही म्हणवत नाही. वीस तारखेला मंगळवार आहे. तोवर तू आबांना काही लिहिलं नाहीस, तर मी त्याच बाकावर जाऊन बसेन, तुला कधी बोल लावणार नाही. पण डॉक्टर मी होणार नाही, अक्का. तुझ्या बाळाच्या नावानं दर साल नापास तेवढा होत राहीन.

तुझाच,
जोतीराम