खोटा कारखाना, खरे आकडे

३ ऑक्टोबर २०२३
रफीका मॅडमनं आज पुन्हा कारखाना उडवला. सकाळपासून चौथ्यांदा! कम्प्युटरमधला. धूर नाही, वास नाही. नुसती रेघ वर गेली नि बाई खूश. मी तिथेच फरशी पुसत होते.

विचारलं, हे कशाला? म्हणे, "खऱ्या कारखान्यात मुद्दाम बिघाड करून बघता येतो का, मबरूका? म्हणून इथे करायचा. आकडे जमवायचे. पुढे त्यावरून बिघाड आधीच ओळखता येईल."

म्हणजे कारखाना खोटा, बिघाड खोटा, आकडे खोटे. आणि विद्यापीठ याला संशोधन म्हणतं! माझा नवरा मोन्जी अठ्ठावीस वर्षं ॲसिडच्या कारखान्यात तासातासाला दाबाचा काटा बघून आकडा लिहायचा. त्याला कुणी खुर्चीत बस म्हटलं नाही.

५ ऑक्टोबर
आज उडवून वर हसली. राहवलं नाही, सांगून टाकलं — माझा भाऊ लझहर असाच गेला, मोन्जीच्याच कारखान्यात. सहा वर्षं झाली. रमजानातली संध्याकाळ, सात चाळीसला टाकी फुटली. चौकशीत म्हणे साडेसातला त्यानंच चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. मेलेल्याच्या नावावर काहीही खपतं!

हसू गेलं बाईचं.

६ ऑक्टोबर
मॅडमनं तिच्या खेळण्यात तोच व्हॉल्व्ह उघडून दाखवला. टाकी फुटायला सव्वा तास लागला. "माझा कारखाना म्हणजे तुमचा नव्हे. पण दहा मिनिटांत नाही फुटत, मबरूका. दाब आधीपासून चढत असणार. सातला काट्यावर दिसायलाच हवा होता."

"सातला काट्यासमोर माझा नवरा होता. तो काय आंधळा?"

बाई परत कम्प्युटरकडे वळली. वळणारच! मोन्जीच्या वह्यांच्या कार्बन प्रती माळ्यावर आहेत. खरे आकडे नेऊन तोंडावर मारते.

१० ऑक्टोबर
नेल्या. मॅडम पानं उलटत राहिली. "रमजानात सातचा आणि आठचा आकडा रोज सारखाच कसा? खरा काटा एवढा शहाण्यासारखा बसत नाही."

"आमची माणसं तुमच्यासारखे काटे नाचवत नाहीत."

तिनं वही पुढे ओढली. लझहर गेला त्या दिवसाचं पान काढून बोट ठेवलं.

रात्री आठ — दाब ४.२. मोन्जीचं अक्षर.

सात चाळीसला टाकी फुटली होती! आठला काटा होता कुठे?

११ ऑक्टोबर
मोन्जीला विचारलं. आधी नुसता चहा ढवळत बसला. ढवळ, ढवळ!

"सगळेच करायचे. उपास सोडायला बसण्याआधी दोन तासांचे आकडे भरून ठेवायचे."

"आणि लझहर?"

"तो म्हणाला, तुम्ही जेवा, मी थांबतो. दाब त्याच्या लक्षात आला. व्हॉल्व्ह उघडला तो टाकी वाचवायला."

"मग चौकशीत काय झालं?"

"साहेबांनी पान बदलायला लावलं. आठचा आकडा गाळून, सातचा तसाच ठेवून."

"आणि तू बदललंस."

"बदललं."

एवढंच. अठ्ठावीस वर्षांचे खरे आकडे! मॅडमच्या खोट्या आकड्यांनी निदान कुणाचं नाव तरी बुडवलं नव्हतं. आणि हा लझहरच्या मयताला सगळ्यांत पुढे खांदा देत होता. थू!

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
शुक्रवारचा रव्याचा कुसकुस केला नाही. खाऊ दे पाव.

१४ ऑक्टोबर
कपडे बांधलेत. उद्या ते पान लझहरच्या बायकोला देणार. मोन्जीला तुरुंगात घालायचं की काय करायचं, सालिहा ठरवेल. मग मी सरळ बहिणीकडे.

१५ ऑक्टोबर
सालिहानं पान बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "ठेवा ते, वन्सं. मोन्जीभाऊजी ह्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या आधीच येऊन सगळं सांगून गेलेत. लहान पोरासारखे रडले. चौकशीसमोर जातो म्हणत होते. मीच शपथ घातली — कुणाला बोलायचं नाही, तुम्हालाही नाही. भाऊ गेलाय तुमचा, आता नवराही टाकून याल. ओळखते ना मी तुम्हाला."