हुकूम हातात असताना

२६ डिसें., शुक्र.
प्रज्ञा आणि ल्युक दुपारी परदेशातून पोचले. जावयाला पहिल्यांदाच बघितलं. उंच आहे, आमच्या नांदेडच्या घरात दारादारात वाकतो. प्र. दोन वर्षांनी आली, तेही आई गेल्यावर, तिच्या पुण्यानुमोदनासाठी. मला म्हणाली, "तब्येत बरीय?" मी म्हटलं, बरी. संपलं.
मंगल, तिची आई, लातूरच्या दवाखान्यात होती तेव्हा मी पोरीला कळवलंच नाही. चार दिवसांवर तिची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. ती झाली की सांगू, असं ठरवलं. मीच ठरवलं. मंगल तेवढी थांबली नाही.

२७, शनि.
लातूरहून सुमन आली, मंगलची धाकटी बहीण. जेवणानंतर ल्युकनं पत्ते काढले. त्यांच्याकडचा खेळ, बलोत. चार माणसं लागतात, बरोबर चार होतो. समोरासमोर भिडू. चिठ्ठ्या टाकल्या. माझी भिडू प्र. तिचं तोंड जरा पडलं, पण बसली.
बत्तीसच पानं, सत्तीपासून वर. हुकमात सगळ्यात मोठा गुलाम, मग नव्वी, मग एक्का. राजा त्यांच्याही खाली.
सु. : "गुलाम राजाच्या वर? हा खेळ आपलाच हाय बग, पोरी!"
सगळे हसले. प्र. सुद्धा. मग तिनं मला अर्धा तास नीट समजावलं. गुलामाचे वीस, नव्वीचे चौदा. शेवटचा हात घेणाऱ्याला दहा जास्त. अर्धा तास! माझ्याशी!

२८, रवि.
वंदना, भोजनदान, सगळं पार पडलं. साठेक माणसं. प्र. सगळ्यांशी बोलली. मला फक्त, "ताटं कमी पडून राहिलीत."

२९, सोम.
आज मुद्दाम ढ झालो. नव्वीचे किती? हुकूम नसला तर दश्शी मोठी की राजा? सगळं पाठ आहे. मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरात मी आणि मंगल मेंढीकोटात कुणाला हार गेलो नाही. पण विचारलं की ती सांगते. आवाजही मऊ होतो, मास्तरणीसारखा. म्हातारपणी पोरीला फसवून राहिलोय. लाज वाटते. उद्याही विचारणार.

३०, मंगळ.
आज खरंच चुकलो. हुकूम इस्पिक. ल्युकनं किलवरचा एक्का टाकला. माझ्याकडे किलवर नव्हतं. मी बदामची सत्ती सरकवली आणि इस्पिकचा गुलाम दाबून ठेवला. मेंढीकोटातली खोड, हुकूम राखून ठेवायचा. दोन हातांनंतर गुलाम मारला तशी प्र.नं पानं खाली ठेवली.
"बाबा, तेव्हा हुकूम होता ना? मग मारावाच लागतो. ठेवून द्यायची मुभा नाही इथं."
"चुकलं."
"चुकलं की लपवलं?"
सु. माझ्याकडं बघत होती. डाव मोडला. नंतर तिनं स्वयंपाकघरात मला गाठलं. "दाजी, ताई शेवटाला काय म्हणली ते पोरीला सांगा. न्हाईतर मी सांगीन."
लिहूनच टाकतो. मंगल म्हणाली होती, प्रज्ञाला फोन लावा, बोलायचंय. मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, लागत नाही. नंबर फिरवलाच नव्हता. सु. शेजारी उभी होती, तिनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मंगल गेली.

३१, बुध.
सु. आज परत निघाली, प्र. तिच्याबरोबर लातूरला गेली. आई होती तो वॉर्ड बघायचाय म्हणे. घरी मी आणि ल्युक. त्याचं इंग्रजी आणि माझं, दोन्ही लंगडी. पत्ते पिसता पिसता म्हणाला, "बाबा, यू नो द गेम. व्हेरी वेल नो." मी मान हलवली. त्यानं ओठावर बोट ठेवलं. चांगला आहे पोरगा.
दिवसभर जीव थाऱ्यावर नाही. सु.नं तोंड उघडलं असेल तर?

१ जाने., गुरु.
प्र. लातूरहून आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशीला विचारलं, आई काही बोलली का. मावशी म्हणे, दाजींना विचार." आणि उभी राहिली. मी म्हटलं, आधी जेवून घे. ती आत गेली. जेवली नाही. इतका भित्रा मी कधी झालो?

२, शुक्र.
सांगितलं.
दुपारी ल्युक बाहेर गेला होता. ती बॅग भरत होती. मी दारात उभा राहून सगळं एका दमात सांगितलं. तुझी आई फोन लावा म्हणाली होती. मी लावला नाही. खोटं बोललो.
ती बराच वेळ साडीची घडी घालत होती. मंगलची साडी. मग विचारलं, "लागत नाही म्हटल्यावर आई काय म्हणाली?"
"म्हणाली, असू द्या, कामात असेल लेकरू."
ती खाली बसली. मी जवळ गेलो तर हातानं थांबवलं.
पत्ते निघाले नाहीत. चौथा भिडूही नव्हता म्हणा.

३, शनि., सकाळ
रिक्षा खाली उभी आहे.  प्र.ची पिशवी उचलायला गेलो तर तिनं काढून घेतली नाही, पण दिलीही नाही, दोघांनी जिन्यापर्यंत धरून नेली. स्टेशनवर येऊ का, विचारलं.
"तुमचं तुम्ही ठरवा."
ठरवणं तेवढं मला चांगलं जमतं. तिच्या वाटचंही मीच ठरवलं होतं.
चपला घालून बसलोय आणि हे लिहितोय. ल्युक खालून दोनदा "बाबा" म्हणाला. तिची हाक अजून नाही. रिक्षाही अजून सुरू झालेली नाही.